तीस पाखरे

अब्बांच्या इंतकालानंतर आमचे घर विस्कटले. अम्मी आणि आम्ही चार भावंडे, दोन भाऊ, दोन बहिणी. मागे उरले ते एक दुकान आणि त्यावरच्या दोन खोल्या. बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतील, हे आमच्यातल्या भावांनी गृहीतच धरले होते. सही झाली नाही आणि बोलणे तुटले. त्या रमजान ईदला शीरखुर्मा आम्ही आपापल्या घरीच खाल्ला. कोणीतरी वडीलधारे येऊन हे मिटवेल, अशी वाट मात्र सगळेच पाहत होतो.

भेटायला येणारे म्हणत, "फिनिक्ससारखे राखेतून उठा." ग्रीकांच्या या पक्ष्याला फारसीत ककनुस म्हणतात. पुढे अब्बांच्या पेटीत अत्तारांच्या 'मंतिक-उत-तैर'चा उर्दू तर्जुमा सापडला, त्यात तो भेटला. बाराव्या शतकातल्या नैशापूरच्या या कवीने ककनुसचे घर चक्क हिंदुस्तानात सांगितले आहे! त्याच्या चोचीला शंभराच्या आसपास छिद्रे. त्यांतून सूर निघतात. तो एकटाच जगतो, लाकडे रचून स्वतः जळतो आणि राखेतून नवा ककनुस उठतो. पण अत्तार ही गोष्ट सांगतात ती मौत कोणालाच चुकत नाही, हे समजावण्यासाठी.

आम्हाला मात्र थांबवले ते दुसऱ्या पक्ष्याने, सीमुर्गने. पाखरांना बादशहा हवा असतो. त्यांचा वाटाड्या हुदहुद. सूरह नम्लमध्ये हजरत सुलैमान (अलैहिस्सलाम) यांना सबाची खबर देणारा तोच. तो सांगतो, बादशहा आहे, पण कोहकाफपलीकडे. मग सबबी सुरू होतात. बुलबुलला गुलाब सोडवत नाही, बदकाला पाणी. शेवटी हजारो निघतात, सात दऱ्या ओलांडतात आणि पोहोचतात फक्त तीस. समोर पाहतात तर सीमुर्ग म्हणजे ती स्वतःच! फारसीत 'सी' म्हणजे तीस आणि 'मुर्ग' म्हणजे पक्षी.

या कथाच आहेत, अकीदा नव्हे. तरी त्या सबबींत आम्ही सापडलो. "बहिणींच्या लग्नात खर्च झालाच की", "दुकान आम्हीच सांभाळले", "आधी त्यांनी फोन करावा". ज्या वडीलधाऱ्याची वाट पाहत होतो, तो बाहेरून येणार नव्हता.

एका जुम्म्याला अम्मीच्या खोलीत आम्ही चौघे बसलो. दादा-दादी हयात नव्हते. अब्बांचे कर्ज वजा करून उरलेल्या मिळकतीचे, सूरह निसाप्रमाणे, कागदावर 48 भाग मांडले : अम्मीचे 6, प्रत्येक भावाचे 14, प्रत्येक बहिणीचे 7. हिशेब अर्ध्या तासात झाला. त्याआधीचे दीड वर्ष मात्र अहंकारात गेले होते. दुकान भावांकडे राहिले. बहिणींच्या हिश्श्याची रक्कम हप्त्यांनी द्यायचे ठरले. हक्कसोडपत्राचा कोरा कागद अम्मीने स्वतःच्या हाताने फाडला.

सगळे पहिल्यासारखे झाले, असे नाही. काही शब्द अजून टोचतात. पण हप्ते वेळेवर जातात, आणि यंदाच्या ईदला शीरखुर्म्याचे पातेले पुन्हा अम्मीच्याच चुलीवर चढले.

राखेतून उठायला ककनुसला कोणी लागत नाही. घराला मात्र घरातली सगळी माणसे लागतात.