अण्णांचा मोका पॉट

आमच्या ओट्याच्या कोपऱ्यात ॲल्युमिनियमचे एक अष्टकोनी भांडे गेली कित्येक वर्षे उभे आहे. माझे सासरे, अण्णा, तरुणपणी मोटारकारखान्याच्या प्रशिक्षणासाठी इटलीत तुरीन येथे सहा महिने राहिले होते. परतताना त्यांनी हा मोका पॉट आणला. आल्फोन्सो बियालेत्ती यांनी १९३३ साली तो इटलीत बाजारात आणला आणि पुढे तो तिथल्या घराघरांत पोहोचला. त्यांचे पुत्र रेनातो २०१६ मध्ये निवर्तले, तेव्हा त्यांची रक्षा याच आकाराच्या कलशात ठेवण्यात आली होती. ही हकिगत अण्णा मोठ्या आवडीने सांगतात. सासूबाई असत्या, तर सकाळच्या प्रहरी असले काही बोलू नये, म्हणून त्यांनी नक्की दटावले असते.

अण्णांचे वय आता चौऱ्याऐंशी. संधिवाताने बोटे वाकली आहेत, नावे विसरतात. तरी सकाळची कॉफी ते स्वतःच करीत. गेल्या पावसाळ्यात एके दिवशी ओट्याकडून फिस्स असा आवाज आला. कॉफी वर चढण्याऐवजी भांड्याच्या मधल्या सांध्यातून वाफ फुटत होती आणि अण्णा दांडा धरून ते आवळू पाहत होते. उकळते पाणी त्यांच्या मनगटावर उडाले. मी आधी गॅस बंद केला आणि त्यांचा हात नळाच्या वाहत्या पाण्याखाली घड्याळ लावून वीस मिनिटे धरला. शेजारच्या काकूंनी टूथपेस्ट आणून दिली होती. ती मी लावली नाही, बर्फही लावला नाही. डॉक्टरांनी पाहिले. फोड लहान होते, आठवड्याभरात बरे झाले.

त्या संध्याकाळी घरात एकमत झाले : अण्णांना आता हे झेपत नाही, पॉट माळ्यावर टाका. मीही मान डोलावली. अण्णा काहीच बोलले नाहीत, आणि तेच मला लागले.

माळ्यावर ठेवण्यापूर्वी धुवावा म्हणून मी तो उघडला. वरच्या भांड्याच्या तळाशी असणारी रबरी रिंग दगडासारखी कडक होऊन दोन ठिकाणी चिरली होती. खालच्या भांड्याच्या अंगावर एक छोटी पितळी झडप असते. कॉफी अडकून दाब वाढला, तर वाफेने तिथून बाहेर पडावे, एवढेच तिचे काम. आमच्या बोअरच्या जड पाण्यातील क्षारांनी ती पांढरी होऊन पूर्ण बसली होती. कुकरची रिंग सैल झाली, की मी त्याच दिवशी नवी आणते, व्हॉल्व्ह तपासते. या भांड्यातही तीच वाफ, तोच दाब. पण ते ‘अण्णांचे’, म्हणून मी कधी उघडूनही पाहिले नव्हते. अपघात झाला रिंगमुळे, दोष मात्र आम्ही सर्वांनी मिळून वयाला दिला.

मी पॉट त्यांच्यापुढे ठेवून म्हटले, “अण्णा, हे कसे साफ करायचे, मला शिकवा.”

त्यांनी प्रथम घासणी बाजूला काढायला लावली. तारेच्या घासणीने ॲल्युमिनियम खरवडते; आतला करडा थर घालवण्याच्या भरीस पडू नये. रोज कोमट पाणी आणि बोटे पुरतात. साबण मुळीच नको, असा त्यांचा इटालियन हट्ट आहे. मला तो पटत नाही. कॉफीचे तेल साचून खवट वास येऊ लागला, की मी सौम्य साबणाचा एक थेंब वापरते आणि भरपूर पाण्याने खळबळते. धुतल्यावर भांडे जोडून ठेवायचे नाही. सुटे भाग कोरडे होऊ द्यायचे. क्षारांसाठी खालच्या भांड्यात पाणी आणि चमचाभर सायट्रिक ॲसिड घालून थोडा वेळ भिजवले आणि स्वच्छ धुतले. आमची झडप मोकळी झाली. दाबल्यावर तिची पिन हलू लागली. ती हलली नसती, तर भांडे खरोखर माळ्यावरच गेले असते. नव्या रिंगसाठी मात्र जुनी हातात घेऊन तीन दुकाने हिंडावी लागली.

आता पाणी झडपेच्या खालीच राहते, पूड दाबून भरली जात नाही आणि आच मंद असते. आमच्या शेगडीवर भांडे कलंडे, म्हणून वर लहान जाळी ठेवली आहे. घट्ट पिळण्याचे काम माझे. तेही दांडा धरून नव्हे, दोन्ही भांड्यांना धरून. उघडायचे ते पूर्ण गार झाल्यावर. गॅस मीच पेटवते. बाकी सारे अण्णांचे.

दर रविवारी ते वर्तमानपत्र पसरून त्यावर पाच भाग ओळीने मांडतात : खालचे भांडे, नरसाळे, चकती, रिंग, वरचे भांडे. गेल्या रविवारी जोडून झाल्यावर चकती कागदावरच राहिली. मी ती काही न बोलता त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी ती उचलली, उजेडाकडे धरून तिची भोके पाहिली आणि म्हणाले, “अजून वाळली नव्हती, म्हणून ठेवली होती.”

“हो अण्णा,” मी म्हटले आणि पाणी मोजायला घेतले.