परमुलखातील शिडाची होडी

शिडाच्या लहान होडीला इंग्लंडात सरसकट डिंगी म्हणतात आणि तिची ओळख लांबीपेक्षा तिच्यात जे नसते त्यावरून अधिक पटते. मोठ्या शिडाच्या नौकेच्या तळाशी शिशाचा किंवा बिडाचा जड कणा कायमचा बसवलेला असतो. तो डिंगीला नसल्यामुळे वारा वाढला की तिला सरळ ठेवण्याचे काम आत बसलेल्यांनाच, वाऱ्याकडच्या काठावर बसून आणि अंग पाण्यावर बाहेर झोकून, करावे लागते. वाऱ्याच्या रेट्याने ती आडवी सरकत जाऊ नये म्हणून मधोमध एक उभी फळी पाण्यात उतरवलेली असते. ही फळी खिळीवर फिरून आत मिटत असेल तर तिला सेंटरबोर्ड आणि सरळ वर उपसून काढता येत असेल तर डॅगरबोर्ड म्हणतात. माणसाचे वजन हाच या रचनेचा एक भाग असल्याने डिंगी विकत घेणाऱ्याला होडीइतकीच स्वतःची मापे ठाऊक असावी लागतात. आणि घेणारा परदेशात नोकरीनिमित्त राहणारा असेल तर या मापांत त्याच्या व्हिसाची मुदत, घराचा भाडेकरार आणि रविवारी सोबत येणाऱ्या माणसाची शाश्वती यांचीही भर पडते. होडीच्या माहितीपत्रकात यांतले काहीच छापलेले नसते, पण निवड बहुतेक वेळा यांवरच ठरते.

मराठी माणसाला समुद्र नवा नाही. शिडाचा खेळ मात्र त्याच्या वाट्याला फारसा आलेला नाही. कोकणच्या किनाऱ्यावर होडी ही मासेमारीची, नाहीतर माल आणि माणसे ने-आण करण्याची. सुट्टीच्या दिवशी शीड उभारून खाडीत चार फेऱ्या मारायच्या आणि जेथून निघायचे तेथेच हात हलवत परत यायचे, हा उद्योग जुन्या तांडेलाला निव्वळ रिकामटेकडेपणाच वाटला असता. मुंबईत हा खेळ यॉट क्लबांच्या आणि पुढे नौदल-लष्कराच्या वर्तुळात राहिला. १९८२ च्या आशियाई खेळांतील शिडाच्या शर्यती मुंबईच्या पाण्यात झाल्या आणि फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल या दोघांच्या डिंगीत सुवर्णपदक मिळवले, तरी त्यामुळे दादर-डोंबिवलीच्या घरांत डिंगीविषयी कुतूहल जागे झाले असे म्हणवत नाही. म्हणूनच लंडनच्या पश्चिमेला स्लाउ किंवा हाउन्स्लो येथे भाड्याच्या घरात राहणारा एखादा मराठी अभियंता चाळिशीत प्रथमच शिडाचा दोर हातात धरतो, तेव्हा त्याच्यामागे घरातला कोणाचाही अनुभव नसतो आणि सल्ला देणारा मामा-काकाही नसतो.

अशा माणसाने आधी पाणी निवडावे आणि होडी मागाहून, हा क्रम सांगायला सोपा असला तरी उलटाच पाळला जातो, कारण होडीचे छायाचित्र मोहात पाडते आणि पाण्याचे पाडत नाही. हीथ्रो विमानतळाच्या आसपास लंडनला पाणी पुरवणारे मोठे जलाशय आहेत. १९२५ मध्ये खुला झालेला क्वीन मेरी आणि १९७६ मधला क्वीन मदर हे त्यांपैकी दोन. हे जलाशय खोदून काढलेले नाहीत, तर सपाट जमिनीवर चहूबाजूंनी उंच बंधारे घालून उभारलेले आहेत, त्यामुळे आजूबाजूच्या घरा-झाडांचा अडसर न होता वारा मोकळेपणी मिळतो. भरती-ओहोटी नाही, चिखल नाही, आणि घरातून निघून अर्ध्या तासात शीड उभारता येते. डोक्यावरून सतत विमाने जातात आणि चारी बाजूंना काँक्रीटचा उतार दिसतो, एवढे सौंदर्याचे नुकसान सोसावे लागते. याउलट दक्षिण किनाऱ्यावरचा चिचेस्टरचा बंदरप्रदेश देखणा आहे. जुनी गावे, पाणथळीतले पक्षी, लांबवर गेलेल्या खाड्या. पण तेथे उधाणाच्या आणि भांगाच्या भरतीचे वेळापत्रक हेच घरचे वेळापत्रक होऊन बसते. ओहोटीला अनेक धक्क्यांसमोर केवळ चिखल उरतो, बोशम गावात तर भरतीचे पाणी किनाऱ्याच्या रस्त्यावर चढते आणि तेथे बेसावधपणे उभ्या केलेल्या मोटारी त्यात सापडतात. शनिवारी सकाळी सहाला आणि पुन्हा संध्याकाळी सहाला भरती असेल, तर दुपारच्या मोकळ्या वेळाचा उपयोग चिखलाकडे पाहण्यापुरताच. मालवण-हर्णैच्या माणसाला हे गणित सांगावे लागत नाही. पुण्याहून आलेल्याला ते पहिल्याच महिन्यात नीट कळते.

पाण्याचे तापमान ही आणखी एक गोष्ट. इंग्लिश खाडीचे पाणी फेब्रुवारी-मार्चमध्ये आठ-नऊ अंशांपर्यंत उतरते आणि ऑगस्टमध्येही सतरा-अठराच्या फार पुढे जात नाही. डिंगी कलंडते, हा अपघात नसून तिचा स्वभाव आहे. शिकणाऱ्याने फळीवर उभे राहून ती पुन्हा सरळ करायची हे पहिल्याच धड्यांत शिकवले जाते. कोमट अरबी समुद्रात या धड्याला हसता येते, पण थंड पाण्यात अंग पडताच श्वास अनावर होतो, म्हणून तेथे वेटसूट, म्हणजे अंगालगत पाण्याचा पातळ थर धरून ऊब टिकवणारा रबरी पोशाख, आणि तरंगण्यास मदत करणारे जाकीट ही होडीच्या किमतीतच धरावी लागतात. सारे पैसे होडीत घालून मे महिन्यापर्यंत काठावर बसून राहणारे खरेदीदार कमी नसतात.

होड्यांकडे वळायचे तर तीन नावे वारंवार पुढे येतात आणि तिन्ही वेगवेगळ्या संसारांसाठी काढलेली आहेत. मिरर ही डिंगी जॅक होल्ट या आरेखकाने आणि घरच्या घरी दुरुस्त्या शिकवणाऱ्या बीबीसीच्या बॅरी बकनेलने १९६२ च्या सुमारास तयार केली, आणि 'डेली मिरर' या वृत्तपत्राने ती पुरस्कृत केली. शिडे लाल, किंमत सुट्या भागांच्या संचासाठी ६३ पौंड ११ शिलिंग. प्लायवूडचे कापून दिलेले तुकडे कडेला भोके पाडून तांब्याच्या तारेने टाचायचे आणि सांधे आतून-बाहेरून काचतंतूच्या पट्टीने व रेझिनने बुजवायचे, एवढ्यावर ती मोटारीच्या गॅरेजमध्ये उभी राहत असे. लांबी जेमतेम ३.३ मीटर, रिकाम्या होडीचे वजन ४५ किलोच्या आसपास. तिची डोलकाठी मुद्दाम आखूड ठेवलेली असून शिडाच्या वरच्या भागासाठी दुसरा वासा दोराने उभा चढवला जातो, त्यामुळे सगळ्या काठ्या होडीच्या पोटातच मावतात आणि सारा संसार मोटारीच्या टपावर चढतो. सत्तर हजारांहून अधिक मिरर बांधल्या गेल्या. कष्टकऱ्याच्या खिशाला परवडणारी शिडाची होडी ही कल्पना इतक्या सरळपणे क्वचितच साकारली असेल.

लेझर हे याच्या उलट टोक. ब्रूस कर्बीने काढलेल्या एका झटपट रेखाटनातून जन्मलेली आणि १९७१ पासून विकली जाणारी ही होडी एकट्याची आहे, ४.२३ मीटर लांब, ५९ किलो वजनाची, दोन तुकड्यांची डोलकाठी आणि एकच शीड. १९९६ पासून ती ऑलिम्पिकमध्ये आहे आणि व्यापारचिन्हाच्या वादानंतर तिला अधिकृतपणे इल्का म्हणतात, जरी धक्क्यावर जुनेच नाव चालते. तिचे मोठे शीड सात चौरस मीटरचे असून ते जोरदार वाऱ्यात सांभाळायला साधारण ऐंशी किलोचा माणूस हवा. साठ-पासष्ट किलोच्या बांध्याच्या माणसाने ते घेतले तर पहिल्याच दमदार वाऱ्यात होडी त्याला चालवते. सुदैवाने त्याच होडीला डोलकाठीचा खालचा तुकडा बदलून ५.७६ किंवा ४.७ चौरस मीटरचे शीड लावता येते, आणि विक्रेत्याने हे आपणहून सांगितले नाही तर विचारून घ्यावे.

तिसरी वेफेअरर, इयन प्रॉक्टरची १९५७ ची रचना. फ्रँक डाय यांनी एका सोबत्यासह ही उघडी होडी १९६३ मध्ये स्कॉटलंडहून आइसलंडला आणि पुढच्या वर्षी नॉर्वेला नेली, त्यामुळे तिच्या भरवशाविषयी वेगळे प्रशस्तिपत्र नको. कुटुंबाला ती सर्वांत योग्य, दोन मुले आणि जेवणाचा डबा धरून. पण तिची रिकामी काया १६९ किलोची आहे, आणि ओल्या, शेवाळलेल्या उतारावरून ती वर ओढण्याची वेळ येते तेव्हा डबा खाऊन झालेला असतो आणि मुले झोपेला आलेली असतात.

येथेच परदेशातल्या खरेदीदाराचा खरा प्रश्न उघडा पडतो: होडीच्या दुसऱ्या टोकाला कोण? गावात असता तर भाऊ, मेव्हणा, शेजारचा कोणी आला असता. परमुलखात मित्र कामाच्या निमित्ताने जमतात, त्यांच्या बदल्या होतात, आणि दोघांची होडी घेतलेल्या माणसाला एका उन्हाळ्यानंतर सोबती उरत नाही. म्हणून अनेकजण निरुपायाने लेझरकडे जातात आणि तिचा ओला, कष्टाचा स्वभाव आवडल्याचे स्वतःला पटवून देतात. यावर उतारा क्लबात असतो. इंग्लंडातील बहुतेक क्लबांत निरनिराळ्या होड्या एकत्र शर्यत धावतात आणि पोर्ट्समथ यार्डस्टिक नावाची पद्धत वापरून प्रत्यक्ष लागलेला वेळ हजाराने गुणून त्या जातीच्या ठरीव आकड्याने भागतात. संथ होडीचा आकडा मोठा, त्यामुळे जुनी मिररही नव्या लेझरला कागदावर हरवू शकते. अशा क्लबांत हात द्यायला, दोर धरायला माणसे लागतातच. आधी एक हंगाम दुसऱ्यांच्या होडीत सोबती म्हणून काढणे आणि तेथे जी जात जास्त दिसते तीच विकत घेणे, हा मार्ग रूक्ष असला तरी त्याहून शहाणा दुसरा दिसत नाही. सुटे भाग, सल्ला आणि पुढचे गिऱ्हाईक तिन्ही त्याच कुंपणाच्या आत सापडतात.

परदेशस्थाने घेतलेल्या डिंगीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अर्थात अगदी वेगळ्या घडणीचे आहे. सीरियातील अलेप्पो येथे राहणारे डॉक्टर एर्नेस्ट आल्तून्यान १९२८ च्या उन्हाळ्यात मुलाबाळांसह इंग्लंडच्या सरोवरप्रदेशात, कॉनिस्टनच्या काठी, सासुरवाडीला आले आणि त्यांनी मुलांसाठी दोन लहान शिडाच्या होड्या मिळवल्या. सुट्टी संपल्यावर कुटुंब अलेप्पोला परतले. होड्या मागे राहिल्या. स्नेही आर्थर रॅन्सम यांनी त्या उन्हाळ्यातून 'स्वॅलोज अँड अ‍ॅमेझॉन्स' ही १९३० ची कादंबरी घडवली. मुदतीच्या हिशेबाने पाहिले तर ती खरेदी अगदीच अव्यवहारी होती.

जुनी होडी तपासताना छायाचित्रांचा काही उपयोग नाही. बोटांची पेरे वापरावीत. काचतंतूच्या होडीवर पेरांनी टकटक करत गेले की घट्ट भागाचा आवाज खणखणीत येतो आणि थर सुटलेल्या जागी तो बद्द होतो. लेझरच्या पुढच्या भागात डोलकाठी जिच्यात उभी राहते ती नळी पाण्याने काठोकाठ भरावी आणि कडेची रेषा पाहत थोडा वेळ थांबावे. पाणी खाली गेले तर नळीच्या तळाला चीर आहे, आणि तसेच पुढे वापरले तर एके दिवशी जोरदार वाऱ्यात डोलकाठी होडीचा वरचा पृष्ठभाग फाडून निघते. प्लायवूडच्या होडीत सांध्यांपाशी आणि मागच्या फळीतल्या पाणी सोडण्याच्या भोकांभोवती काळे डाग शोधावेत, कारण गोडे पावसाचे पाणी साचून लाकूड तेथेच आधी कुजते. नवे शीड हाताळताना कागदासारखे करकरते. जुने धोतरासारखे मऊ लागत असेल तर आकार गेलेला आहे आणि त्याची किंमत शून्य धरावी. होडी खाऱ्या पाण्यात उतरवताना खालची छोटी ट्रॉलीच पाण्यात जावी, रस्त्यावर मोटारीमागे ओढायचा सांगाडा कोरडा राहावा. विक्रेत्याच्या सांगाड्याची चाके गंजाने घरघरत असतील तर त्याने बाकीची काळजी कशी घेतली असेल याचा अंदाज येतो.

खरेदीला शरद ऋतू बरा. हिवाळ्याचे जागाभाडे पुन्हा भरण्यापेक्षा कमी पैशात होडी देऊन टाकणारे तेव्हाच भेटतात. क्लबाची वर्गणी, कुंपणातली जागा आणि तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा हे तीन खर्च दरवर्षी लागू होतात आणि दोन-तीन वर्षांत जुन्या होडीच्या किमतीला सहज गाठतात, हे भाडेकराराच्या मुदतीशी ताडून पाहावे. परत जाण्याची वेळ येते तेव्हा काहींना होडी सामानाबरोबर न्हावा-शेवाला पाठवण्याची कल्पना सुचते, आणि वीस फुटी कंटेनरमध्ये लेझर मावतेही. पण भाडे आणि सीमाशुल्क यांचा हिशेब करता तसली दुसरी होडी तेथे शोधणे स्वस्त पडते. ती विकून टाकावी हे उत्तम. मात्र विकताना ट्रॉली होडीबरोबरच द्यावी लागते. ट्रॉलीविना होडीकडे गिऱ्हाईक ढुंकून पाहत नाही, आणि एकटी ट्रॉली त्याच क्लबात लगोलग खपते.