चढापुढचे चाक : भोर-वेल्ह्याच्या वाटेवर

पुणे शहरात माणसाने कोणत्या वाहनातून जावे, हे बहुधा त्याची ऐपत आणि हौस ठरवते. कात्रजचा डोंगर ओलांडून दक्षिणेकडे उतरल्यावर भोर आणि वेल्हे तालुक्यांत मात्र हा अधिकार चढाकडे जातो. साताऱ्याच्या महामार्गावरून नसरापूरच्या अलीकडे चेलाडी फाट्याला वळणारा रस्ता वेल्ह्याकडे जातो आणि थोडे पुढे कापूरहोळला फुटणारा रस्ता भोरकडे. या दोन्ही वाटांनी जाणाऱ्याला प्रत्येक खोऱ्याच्या टोकाशी एक जागा अशी सापडते, की जिच्यापुढे चाक चालत नाही. या प्रदेशाचा इतिहास किल्ल्यांच्या आणि लढायांच्या क्रमाने अनेकदा लिहिला गेला आहे. चाक कोणत्या काळात कुठवर पोचले, या क्रमानेही तो वाचता येतो, आणि तसा वाचला तर सामान्य माणसाच्या जगण्याच्या अधिक जवळ जातो.

वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका असे अधिकृत नाव मिळाले आहे. मार्गासनीवरून पुढे गेल्यावर दिसणारा राजगड सुमारे पाव शतक शिवाजी महाराजांची राजधानी होता. या गडावर येण्याच्या वाटांतही वाहनाचा विचार दिसतो. गुंजवण्याकडून चढणारी चोर दरवाज्याची वाट एका माणसाने हाताने कातळ धरत चढावी अशी आहे. पश्चिमेकडच्या पाली दरवाज्याची वाट मात्र रुंद आणि पायऱ्यांची असून तिचे प्रवेशद्वार अंबारीसह हत्ती आत जावा इतके प्रशस्त आहे, असे गडाचे वर्णन करणारे सांगतात. राजधानीला पालखी, घोडा आणि ओझ्याची जनावरे यांची सतत ये-जा लागते आणि त्या गरजेचे माप पाली दरवाज्याने आजवर जपून ठेवले आहे.

वेल्ह्याच्या पुढे, केळदजवळ, सह्याद्रीची धार एकदम तुटते आणि मढे घाट कोकणात उतरतो. 1670 साली सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसरे यांचा देह याच वाटेने उमरठला नेला, अशी परंपरा आहे. अशा घाटांतून बैलगाडी कधीच चालली नाही. तिथे पाठाळ चालत असे, म्हणजे गाडीला न जुंपता पाठीवर दोन्ही अंगांना गोण्या लादलेला बैल. कोकणचे मीठ याच बैलांच्या तांड्यांनी देशावर येई. इंग्रजी अमदानीत भोरहून महाडकडे उतरणारा वरंध घाट चाकाच्या वाहतुकीसाठी बांधून काढण्यात आला आणि ज्या घाटांत गाडीरस्ता झाला नाही, त्यांचा व्यापार हळूहळू आटला. वरंध घाटातही निसर्गाने आपला हक्क सोडलेला नाही. पावसाळ्यात दरडी कोसळू लागल्या की तो जड वाहनांना बंद करावा लागतो.

भोर गावाचा इतिहास संस्थानाचा आहे. राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण यांना मिळालेल्या सचिवपदातून पंतसचिवांचे हे संस्थान उभे राहिले. 1869 साली बांधलेला लाकडी कोरीवकामाचा राजवाडा त्याची साक्ष देतो. गावाजवळच वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण आहे. 1892 साली पूर्ण झालेल्या जुन्या बांधाऐवजी 1928 साली अधिक मोठे दगडी धरण उभे राहिले आणि वेळवंड खोऱ्याच्या तळातून जाणाऱ्या जुन्या पायवाटा पाण्याखाली गेल्या. जलाशयाला आज येसाजी कंक यांचे नाव आहे. नीरेच्या कालव्यांनी दूरची शेती भिजली. खोऱ्यातल्या माणसाला मात्र समोरच्या काठावरच्या सोयऱ्याकडे जायला होडी किंवा लांबचा वळसा उरला.

भोर संस्थान 8 मार्च 1948 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले आणि तीन महिन्यांच्या आतच, 1 जून 1948 रोजी, पुणे ते अहमदनगर या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. या दोन घटनांचा परस्परांशी थेट संबंध नसला, तरी भोरच्या खोऱ्यांत राजाच्या जागी जे नवे राज्य आले, त्याचे सर्वांत ठळक रूप एसटीची गाडी हेच होते. तिच्यातही मुक्कामी गाडीचे महत्त्व वेगळे आहे. संध्याकाळी आगारातून निघून खोऱ्याच्या शेवटच्या गावी जाणारी, रात्री तिथेच थांबणारी आणि पहाटे परत फिरणारी ही फेरी. चालक आणि वाहक त्या गावातच निजतात. तालुक्याच्या शाळेतील मूल, बाजाराला निघालेली बाई, दवाखान्यात न्यायचा म्हातारा, या सर्वांचा दिवस या एका गाडीवर बांधलेला असतो. जिथे ती पोचत नाही तिथे वडाप असते, म्हणजे माणसे भरली की सुटणारी खासगी जीप. एखाद्या खोऱ्याच्या इतिहासात देशमुखांच्या वाड्याला जी जागा दिली जाते, ती मुक्कामी गाडीलाही द्यायला हवी.

भोरच्या पश्चिमेस आंबवड्याला संस्थानकाळात 1936 साली उभारलेला, पायी जाणाऱ्यांसाठीचा झुलता पूल आहे. तिथून टिटेघर, कोर्ले या गावांवरून रस्ता रायरेश्वराच्या पायथ्याशी भिडतो. स्वराज्याची शपथ इथल्या शिवमंदिरात घेतली गेली, अशी परंपरेची श्रद्धा आहे. सुमारे साडेचार हजार फूट उंचीच्या या विस्तीर्ण पठारावर जंगम कुटुंबांची वस्ती आणि शेती आहे, पण शेवटचा कडा लोखंडी शिडीनेच चढावा लागतो. अलीकडच्या वर्षांत येथील शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर विकत घेतला, पायथ्याशी त्याचे भाग सुटे केले, जड भाग लाकडी दांड्यांना दोरांनी बांधले आणि गावकऱ्यांनी ते खांद्यावरून शिडीच्या वाटेने वर नेले. मग पठारावर ते पुन्हा जोडून ट्रॅक्टर शेतात उतरवला. घाटवाटांवरच्या शतकांच्या अनुभवाने माणसाला वाहनात बसायलाच नव्हे, तर वाहनालाच उचलून न्यायला शिकवले होते. आता वरची नांगरट यंत्राने होते; त्याचे डिझेल मात्र माणसांच्या हातांनी शिडी चढते आणि विकायला काढलेले धान्य त्याच शिडीने डोक्यावरून खाली येते.