मामांच्या ओव्या आणि फाँटचं कुलूप

आयटीत असलेल्या माणसाला घरचे लोक दोन कामं हमखास सांगतात. एक, प्रिंटर चालू करून दे. दोन, "जरा बघ ना, हे काय दिसतंय!" प्रिंटर या प्राण्याशी माझं कधीच जमलेलं नाही, त्यामुळे आज फक्त दुसऱ्या कामाबद्दल. :)

मराठी मजकूर 'काहीतरीच' दिसणं हे एके काळी आपल्या सगळ्यांच्या पाचवीलाच पुजलेलं होतं. विंडोज एक्सपीवर मराठी वाचायचं तर कंट्रोल पॅनेलात जाऊन कॉम्प्लेक्स स्क्रिप्टसमोर खूण करायची, मग ते विंडोजची सीडी मागायचं, आणि ती सीडी नेमकी कुणाकडेच नसायची. आता फोनवरसुद्धा मराठी छान दिसतं, म्हणून आपल्याला वाटतं विषय संपला. संपलेला नाही मंडळी. तो माळ्यावरच्या सीपीयूत आणि ड्रॉवरमधल्या पेनड्राइव्हमध्ये जाऊन बसलाय.

माझे मामा निवृत्त शिक्षक. आमचं आजोळ जुन्नरकडचं. आजीला जात्यावरच्या ओव्या पाठ होत्या. २००१ ते २००३ या काळात मामांनी तिच्याजवळ बसून त्या लिहून घेतल्या आणि दोन बोटांनी कॉम्प्युटरवर टाईप केल्या. अडीचशेच्या आसपास. वह्या नंतर घर बदलताना गेल्या. आजी २००५ मध्ये गेली. उरल्या त्या फक्त वर्डच्या फाइल.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, तेव्हा मामेभावाने घरी नवीन लॅपटॉप आणला. जुन्या मशीनवरच्या फाइल त्यावर कॉपी केल्या, उघडल्या, आणि स्क्रीनभर इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं! मामांचा फोन आला. "सगळं गेलं रे," एवढंच म्हणाले.

गेलं नव्हतं. पण ते कसं ओळखायचं, हे सगळ्यांना माहीत असायला हवं, कारण घाबरून लोक नेमकं नको ते करतात. फाइल उघडतात, काहीतरी बदलतात, सेव्ह करतात. तेव्हा नियम पहिला: मूळ फाइलला हात लावायचा नाही. कॉपी करायची आणि जे काय प्रयोग करायचे ते कॉपीवर. नियम दुसरा: 'खराब दिसतंय' म्हणजे नक्की काय दिसतंय ते बघायचं. लक्षणं साधारण चार प्रकारची असतात.

१. रिकामे चौकोन. मजकूर शाबूत आहे, फक्त त्या फाँटमध्ये मराठी अक्षरं नाहीत. फाँट बदला, काम झालं.

२. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए' पुन्हापुन्हा, आणि मध्ये भलतीच चिन्हं. हा युनिकोड मजकूरच आहे, पण प्रोग्रॅम तो चुकीच्या पद्धतीने वाचतोय. ऑफिसात सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली की होतं ना, तेच. डेटा मेनूतून फाइल आत घ्या आणि यूटीएफ-८ निवडा.

३. साधी इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलर. हा जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फाँटचा मजकूर. दिसत नाहीये, पण आहे.

४. नुसती प्रश्नचिन्हं. ही एकच वाईट बातमी. मराठीला जागाच नसलेल्या पद्धतीत कुणीतरी फाइल सेव्ह केली, आणि प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं. यातून परत येता येत नाही. दुसरी कॉपी शोधा.

मामांची केस तिसरी. तेव्हाचे मराठी फाँट एक साधी युक्ती करायचे. कॉम्प्युटरच्या दृष्टीने फाइलमध्ये इंग्रजी अक्षरच असायचं, पण त्या अक्षराचं चित्र मराठी काढलेलं असायचं. एका बाइटात जास्तीत जास्त २५६ चिन्हं मावतात आणि आपली जोडाक्षरं त्याहून कितीतरी जास्त. म्हणून अक्षरांचे तुकडे करायचे. अर्धा 'क', काना, रफार, सगळं सुटं. आणि कुठला तुकडा कुठल्या जागी, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. फाँट काढला की चित्रं जातात आणि खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. थोडक्यात, मजकूर आपला, पण कुलूप दुसऱ्याचं.

किल्ली म्हणजे तो फाँट. वर्डमध्ये फाँट मशीनवर नसला तरी त्याचं नाव वरच्या चौकटीत दिसत राहतं, तिथून नाव कळलं. जुना सीपीयू सुदैवाने भंगारात गेला नव्हता. त्याच्या विंडोज फोल्डरमधल्या फाँट्समधून ती एक छोटी फाइल उचलली, लॅपटॉपवर टाकली, आणि ओव्या दिसायला लागल्या. लगेच त्याची पीडीएफ काढून ठेवली. म्हणजे निदान डोळ्यांनी वाचता येईल असं एक रूप सुरक्षित झालं.

पण काम अर्धंच झालं होतं. त्या पीडीएफमध्ये 'जातं' शोधलं तर काही सापडत नाही, कारण आत अजून इंग्रजीच आहे. ते युनिकोडमध्ये आणायला कन्व्हर्टर हवा, आणि तो निवडणं हा खरा प्रश्न. सर्च केलं की ढिगाने मिळतात, सगळे म्हणतात आम्ही शंभर टक्के अचूक.

मी काय केलं, तर फाइलचं पहिलं पान घेतलं नाही. सगळ्यात अवघड दहा ओळी निवडल्या. ज्यात रफार आहे, क्ष आणि ज्ञ आहेत, जोडाक्षरावर ऱ्हस्व वेलांटी आहे. जुना फाँट वेलांटी अक्षराच्या आधी साठवतो, कारण ती दिसते आधी. युनिकोड ती नंतर साठवतो, कारण उच्चार नंतर. रफाराचं बरोबर उलटं. तेव्हा कन्व्हर्टरला नुसती अक्षरं बदलून भागत नाही, त्यांची जागाही हलवावी लागते. कच्चा कन्व्हर्टर इथेच पडतो.

पहिला 'स्थिती'तच पडला. दुसरा दिसायला सुंदर, पण फाइल त्यांच्या सर्व्हरवर चढवायला सांगणारा आणि चार पानांनंतर पैसे मागणारा. तिसरा म्हणजे एक साधं, कुरूप वेबपेज. सेव्ह करून घेतलं तर इंटरनेट बंद असतानाही चालतं, आणि कुठल्या तुकड्याचं काय होतं याचा तक्ता आत उघडा, कुणालाही बदलता येईल असा. मी तिसरा घेतला. का, ते दुसऱ्याच दिवशी कळलं.

रूपांतर केलेल्या ओव्या मी प्रिंट काढून मामांना वाचायला दिल्या. मला सगळं ठीक वाटत होतं. मामांनी तिसऱ्या पानावर बोट ठेवलं.

"अरे, हा दर्या कुठून आला? आईने जन्मात समुद्र पाहिला नाही. दऱ्या आहे ते. दऱ्या-डोंगर."

'दर्या' आणि 'दऱ्या'. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना'. आपल्या मराठीत हे दोन वेगळे 'र' आहेत, आणि शब्दाचा अर्थ त्यावर ठरतो. हिंदीपुरता विचार करणाऱ्याला हा फरक सुचणारच नाही. जुन्या फाँटमध्ये दोघांचे तुकडे वेगळे होते, पण कन्व्हर्टर दोघांना एकाच रफारात ढकलत होता. तक्ता उघडा असल्याने एक ओळ घातली, पुन्हा चालवलं, आणि सगळ्या दऱ्या जागेवर आल्या. मूळ फाइल टाकून दिली असती तर मात्र कुठला 'र' कुठला होता हे कुणालाच सांगता आलं नसतं. मामा सोडून. आणि मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत.

आता त्या ओव्या यूटीएफ-८च्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये आहेत. युनिकोडात मराठीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, तरी सगळं मिळून फोनवरच्या एका फोटोपेक्षा लहान. जोडीला ओडीटी, फाँट आत घातलेली पीडीएफ, आणि दोन घरांत दोन प्रिंटआउट.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे जुने फाँट वापरतो? बरोबर. पण तुमच्या नोट्स, हिशेब, बाळाच्या पहिल्या शब्दांची यादी हे सगळं कुठल्या अॅपमध्ये आहे? जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, ऑर्कुट २०१४ मध्ये. दोन्ही तेव्हा कायमची वाटायची. म्हणून हल्ली मी कुठलंही सॉफ्टवेअर घेताना फीचर्स नंतर बघतो. आधी 'एक्स्पोर्ट' कुठे आहे ते शोधतो. बाहेर काय येतं? टेक्स्ट, सीएसव्ही, ओडीटी अशी दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडणारी फाइल येते, की फक्त त्यांनाच कळणारं गाठोडं? बाहेर पडायचा दरवाजा नसेल तर फुकटातलं सॉफ्टवेअरही महाग. आणि दरवाजा आहे म्हणतात तो खरंच उघडतो का, हे पहिल्याच आठवड्यात दहा नोंदी बाहेर काढून बघतो.

एक काम या विकेंडला कराच. घरी विचारा, काका-आत्या-आजोबांनी २००० च्या आसपास कॉम्प्युटरवर मराठीत काही लिहून ठेवलंय का. असेल तर ती फाइल कॉपी करा, आणि तिच्यासोबत तो फाँटही. जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याला द्यायच्या आधी. बाकीचं सावकाश करता येईल, आणि वाचून 'दर्या की दऱ्या' सांगणारं माणूस घरात आहे तोवर केलेलं बरं.