एका कनेक्शनचे अनेक वाटेकरी

जवळा बाजारच्या मोंढ्यात सोयाबीन, तूर आणि हळदीच्या भावाबरोबर आता ‘लायगो’चाही विषय निघतो. आमच्याच औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मंजुरी. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजा, त्यांतून धावणारा लेसर, टोकाला टांगलेले आरसे, हे सगळं गावातली शाळकरी मुलंही आता सांगतात. मी यंत्रांच्या नियंत्रणासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे माझं कुतूहल आरशांपाशी थांबत नाही. त्या आरशांची खबर ज्या वाटेनं नियंत्रण-कक्षात पोहोचते, ती वाट मला जास्त खुणावते.

अमेरिकेतल्या लायगोमध्ये गुरुत्वीय लहरींच्या मुख्य चॅनेलवर सेकंदाला १६,३८४ नोंदी होतात. त्याशिवाय दोन लाखांहून अधिक साहाय्यक चॅनेल आहेत: जमिनीची थरथर, तापमान, निर्वात नळ्यांतला दाब, आरशांचा कल. यांतल्या संथ मोजमापांसाठी आणि नियंत्रणासाठी तिथं ‘एपिक्स’ वापरतात. लॉस अलामॉस आणि अर्गॉन या प्रयोगशाळांतून घडलेली ही प्रणाली जगभरच्या कणत्वरकांत आणि दुर्बिणींत चालते. तिच्या ‘चॅनेल अ‍ॅक्सेस’ या प्रोटोकॉलची एक गोष्ट मला फार आवडते. एखाद्या प्रोग्रामला एकाच सर्व्हरवरचे हजार चॅनेल हवे असले, तरी तो हजार कनेक्शन उघडत नाही. सर्वसाधारणपणे एकच टीसीपी कनेक्शन उघडतो आणि हजारही चॅनेल त्यावरून वाहतात.

हे काटकसरीचं आहे आणि गरजेचंही. प्रत्येक कनेक्शन दोन्ही टोकांना मेमरी खातं, ते जोडायला वेळ जातो आणि सर्व्हरची क्षमता मर्यादित असते. पण आजचा प्रोग्राम एका वेळी एकच काम करत नाही. एक थ्रेड आलेख काढतो, दुसरा धोक्याच्या पातळ्यांवर नजर ठेवतो, तिसरा नोंदी डिस्कवर लिहितो. सगळ्यांची मेमरी एकच आणि कनेक्शनही एकच. कोणता थ्रेड कधी थांबेल आणि कोणता पुढे सरकेल, हे ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते.

आता टीसीपीचा स्वभाव पाहा. त्याला ‘संदेश’ ही गोष्टच ठाऊक नाही, तो फक्त बाइट्स ओळीनं पोहोचवतो. एका थ्रेडचा मोठा संदेश अर्धाच गेला आणि तेवढ्यात दुसऱ्यानं आपला पाठवला, तर पलीकडे दोघांचा काला पोहोचतो. कनेक्शन टीएलएसनं कूटबद्ध असेल, तर प्रत्येक तुकड्याला क्रम असतो. तो क्रम बिघडला की पलीकडची बाजू तुकडा नाकारते आणि कनेक्शन तोडते. गोंधळ लगेच उघडा पडतो, म्हणून ही त्यातल्या त्यात बरी अवस्था.

वाईट अवस्था ती, जिथं काहीच तुटत नाही. नवशिके प्रोग्रामर पाठवण्याच्या फंक्शनला एक लॉक लावतात, वाचण्याच्या फंक्शनला दुसरं लावतात आणि काम झालं असं समजतात. आता संदेश अखंड जातात, उत्तरंही अखंड येतात. पण ‘अ’ थ्रेडनं प्रश्न विचारला, मग ‘ब’नं विचारला, आणि वाचायला आधी ‘ब’ पोहोचला, तर ‘अ’चं उत्तर ‘ब’च्या हाती पडतं. मोंढ्यात एकाच काट्यावर दोन शेतकऱ्यांचा माल लागोपाठ चढावा आणि काटापट्ट्यांची अदलाबदल व्हावी, तसं हे आहे: वजन खरं, पट्टी खरी, नाव तेवढं दुसऱ्याचं. एका कारखान्यात मी हा दोष शोधला होता. पडद्यावर दाबाच्या जागी मधूनच तापमानाचा आकडा येई. दोन्ही आकडे शक्यतेच्या कक्षेत असल्यानं कोणालाही शंका आली नव्हती. आकडा दिसायला बरोबर असला की माणूस त्यावर विश्वास ठेवतो, म्हणून हा दोष मला प्रोग्राम बंद पडण्यापेक्षा घातक वाटतो.

लॉक फंक्शनला नको, संवादाला हवं. प्रश्न गेल्यापासून त्याचं पूर्ण उत्तर येईपर्यंत कनेक्शन एकाच्याच ताब्यात राहिलं पाहिजे. डेटाबेसमध्ये तर पूर्ण ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत, नाहीतर एकाचा ‘कमिट’ दुसऱ्याचं अर्धवट काम पक्कं करून टाकतो. मायएसक्यूएलचा २०१४ क्रमांकाचा ‘कमांड्स आउट ऑफ सिंक’ हा एरर अनेकांनी पाहिला असेल. त्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे एका कनेक्शनवर दोन थ्रेडची घुसखोरी. पायथनच्या डेटाबेस लायब्ररींनी तर आपण किती सुरक्षित आहोत, हे ० ते ३ या आकड्यात जाहीर करायचं असतं. १ म्हणजे थ्रेडनी लायब्ररी वाटून घ्यावी, कनेक्शन नाही. २ किंवा ३ असेल तरच कनेक्शन वाटता येतं. कोणतीही लायब्ररी हाती घेताना हा आकडा मी सगळ्यात आधी पाहतो.

डेटाबेससाठी उपाय सरळ आहे: कनेक्शनचा पूल ठेवा, थ्रेडनं त्यातून एक घ्यावं, काम झालं की परत करावं. तिथं यापेक्षा चतुर काही करायच्या मी विरोधात आहे. पण नियंत्रण-प्रणालीत एकच कनेक्शन खरोखर वाटून घ्यायचं असतं आणि एकाच्या संथ उत्तरासाठी बाकीच्यांना खोळंबून ठेवता येत नाही. तिथं लॉक पुरत नाही, मालक नेमावा लागतो. चॅनेल अ‍ॅक्सेसच्या लायब्ररीत प्रत्येक कनेक्शनमागे एक थ्रेड फक्त पाठवतो आणि एक फक्त वाचतो. बाकीचे आपली मागणी रांगेत ठेवतात. प्रत्येक मागणीला क्रमांक असतो आणि उत्तर तोच क्रमांक घेऊन येतं, त्यामुळे उत्तरं कोणत्याही क्रमानं आली तरी ज्याची त्याला मिळतात. २०१५ साली प्रमाणित झालेल्या एचटीटीपी/२ नंही हीच वाट धरली.

इथं एक खाचखळगा आहे. उत्तर आल्यावर तुमचं फंक्शन, म्हणजे कॉलबॅक, लायब्ररीच्याच थ्रेडवर चालतं. त्यात तुम्ही दुसऱ्या उत्तराची वाट पाहत बसलात, तर ते उत्तर आणणारा थ्रेड तुम्हीच अडवलेला असतो. मग सगळं गोठतं. म्हणून कॉलबॅकनं मूल्य रांगेत टाकून लगेच परतावं. पायथनमधून एपिक्स वापरणाऱ्यांनी आणखी एक पाळावं: नव्या थ्रेडच्या सुरुवातीलाच त्याला मूळ संदर्भाशी जोडून घ्यावं, नाहीतर मुख्य थ्रेडनं जोडलेले चॅनेल त्याच्या हाती लागत नाहीत.

कनेक्शन बंद करणं उघडण्यापेक्षा अवघड आहे. युनिक्समध्ये कनेक्शन म्हणजे प्रोग्रामच्या दृष्टीनं एक छोटा आकडा, आणि नवं काही उघडलं की मोकळ्या आकड्यांतला सर्वांत लहान त्याला मिळतो. एका थ्रेडनं ७ क्रमांक बंद केला, तेवढ्यात दुसऱ्यानं नोंदींची फाइल उघडली आणि तिला ७ मिळाला. तिसऱ्याला यातलं काहीच कळलेलं नाही. तो सर्व्हरसाठीची आज्ञा ७ वर लिहितो, ती फाइलमध्ये जाऊन पडते. चाचणीत हे सहसा सापडत नाही, कारण वेळ जुळून यावी लागते. थ्रेड-सॅनिटायझरसारखी साधनं मेमरीवरच्या शर्यती पकडतात, पण अदलाबदल झालेली उत्तरं त्यांच्या नजरेला येत नाहीत. त्यासाठी मी मुद्दाम उशिरा आणि उलट्या क्रमानं उत्तरं देणारा खोटा सर्व्हर लिहितो.

आमच्या भागात वीज जाणं नवं नाही. मोठ्या वेधशाळेला स्वतःची सोय असतेच, तरी एखादा सर्व्हर पुन्हा सुरू होणं कुठंच टळत नाही. कनेक्शन तुटलं की दहा थ्रेडना ते एकदम कळतं आणि दहाही ते नव्यानं जोडायला धावतात. एकानं जोडलेलं दुसरा ‘तुटकं’ समजून पुन्हा बंद करतो. यावर कनेक्शनला पिढीचा क्रमांक द्यावा. थ्रेडनं ‘पाचव्या पिढीचं तुटलं’ असं सांगावं. सहावी आधीच उभी असेल, तर मालकानं ती तक्रार सोडून द्यावी.

राहतो तो अधांतरी प्रश्न: तुटण्याआधी गेलेली आज्ञा पलीकडे पार पडली की नाही? कनेक्शन याचं उत्तर देऊ शकत नाही. मोटरला ‘आणखी दहा पावलं सरक’ असं सांगितलं असेल, तर ते पुन्हा पाठवणं धोक्याचं आहे, वीस पावलं पडू शकतात. ‘अमुक जागी जा’ असं सांगितलं असेल, तर तीच आज्ञा दुसऱ्यांदा गेली तरी मोटर त्याच जागी थांबते. म्हणून आज्ञांची यादी ठरवायच्या पहिल्या बैठकीतच मी हा भेद मांडतो, थ्रेड आणि लॉक यांचा विषय निघण्याच्या कितीतरी आधी.