गजराचं घड्याळ

जुनं किल्लीचं घड्याळ दुरुस्त होऊन आलं. किल्ली फिरवताना बोटांना तीच करकर जाणवली आणि लग्नानंतर मित्रांनी आमच्या खोलीत लपवलेले गजर आठवले. गादीखाली पापडही होते. त्याआधी दारात अडवून उखाणे घ्यायला लावलेले. बूट पळवणं तेव्हा आमच्याकडे फारसं नव्हतं. १९९४च्या ‘हम आपके हैं कौन’नंतर ते रुळलं.

मध्यरात्री माळ्यावरचा गजर वाजला. स्टुलावर चढून मी चाचपडत होतो, खाली ती बॅटरी धरून उभी. दिवसभर मान खाली घालून बसलेली ती तेव्हा पहिल्यांदा खळखळून हसली. आमची ओळख अशी झाली, याचं मला अजून अप्रूप वाटतं. थट्टा कुठे थांबवायची, हे त्या पोरांना नेमकं कळायचं. त्यातला एक हल्ली फोन उचलत नाही. एकदा त्याच्या घरीच जायला हवं.