गप्पी, कोळंबी आणि तांब्याचा हंडा



आमच्या मंडणगडात कोळंबी म्हटलं की कालवण, नाहीतर सोडे घातलेला भात. वेसवी-बाणकोटकडची ताजी कोळंबी दारात आली की भाव करायचा, सोलायची आणि फोडणीला टाकायची. अशा गावात कोणी 'कोळंबी पाळलीय' म्हटलं तर लोक हसणारच. शेजारीण म्हणालीच, "बाई, मोठी झाली की सांगा हो, मी वाटण घेऊन येते!"

तर झालं असं. मे महिन्यात नातू पुण्याहून आला तो दोन फुटी काचेची टाकी घेऊनच. त्यांचं घर बदलायचं चाललं होतं, म्हणून चार महिने टाकी माझ्याकडे. आत सहा गप्पी आणि बारा लाल चुटूक कोळंब्या. फार तर इंचभर लांब, चेरी कोळंबी म्हणतात. मूळची चीन-तैवानकडची, गोड्या पाण्यातली. रानात मातकट रंगाची असते, लाल पिल्लं निवडून निवडून हा रंग आणलाय म्हणे.

सुरुवातीला मला त्यात काही राम वाटेना. पण दुपारी खुर्ची ओढून बसायला लागले आणि नाद लागला हो. दिवसभर नुसतं वेचणं चाललेलं. शेवाळ, माशांचं उरलेलं खाणं, कुजलेलं पान, काही वर्ज्य नाही. अंगाने वाढल्या की जुनं कवच टाकतात, तेव्हा एखादी मेलीच असं वाटून धस्स होतं. नवं कवच मऊ असेपर्यंत दडून बसतात आणि टाकलेलं कवच चक्क खातात, चुना वाया जायला नको! आमचं जांभ्यातलं पाणी हलकं, त्यात चुना कमी, म्हणून वेळासच्या किनाऱ्यावरून आणलेल्या समुद्रफेनाचा तुकडा मी आत ठेवला. मादी वीस-तीस अंडी पोटाखाली धरते आणि तीन-चार आठवडे पायांनी सारखा वारा घालते. पिल्लं जन्मतःच आईबापांसारखी, फक्त तिळाएवढी.

आता माशांचं. नातवाचा नियम सोपा होता. "आजी, माशाच्या तोंडात जे मावतं ते मासा खातो." मोठ्या कोळंबीला गप्पी काही करत नाही, पण पिल्लू दिसलं की गट्टम. स्वतःची पिल्लंही तो सोडत नाही, तिथे कोळंबीचं काय घेऊन बसलात! म्हणून टाकीत शेवाळाचं दाट जाळं हवं, लपायला. उलटही होतं बरं का. शेजारचा मुलगा पर्‍यातली लांब नांग्यांची कोळंबी पकडून घेऊन आला होता. मी परत सोडायला लावली. ती रात्री माशांनाच धरते. शिवाय त्या जातीतल्या बऱ्याच कोळंब्यांच्या पिल्लांना खाडीचं मचूळ पाणी लागतं, टाकीत ती जगायची नाहीत.

जूनमध्ये पाऊस लागला. विहीर गढूळ झाली. टाकीचं पाणी बदलायचा दिवस आला, तर मी स्वयंपाकघरातल्या तांब्याच्या हंड्यातलं, दोन दिवस साठवलेलं गाळीव पाणी घातलं. हंडा नुकताच आमसुलाने घासून लखलखीत केलेला. आपण पितो ते शुद्ध पाणी, यापेक्षा चांगलं काय द्यायचं?

दुसऱ्या दिवशी कोळंब्या सैरभैर पळत होत्या. संध्याकाळपर्यंत पाच आडव्या. मी ठरवूनच टाकलं, हे गप्पींचं काम! नातवाला फोनवर तसं सांगितलंही, आणि सहाही गप्पी उचलून बादलीत टाकले. पण रात्रीत आणखी चार गेल्या, टाकीत एकही मासा नसताना.

मग नातवाने विचारलं, "आजी, पाणी कुठलं घातलंस?"

त्याच्या बाबाने समजावलं. आपल्या रक्तात लोह, तसं कोळंबीच्या रक्तात तांबं असतं. पण तेच पाण्यात उतरलं की अगदी थोडंही तिला विष होतं, आणि हलक्या पाण्यात जास्तच. माशांच्या काही औषधांतही तांबं असतं, ती टाकीत घातली तर मासे बरे होतात आणि कोळंब्या मरतात. आम्ही उभ्या जन्मात तांब्याचं पाणी म्हणजे अमृत समजत आलो!

मी कबूल केलं, "चूक माझी होती रे, गप्पींची नाही." तो म्हणाला, "मग गप्पींना सॉरी म्हटलंस?"

हसले मी, पण रात्री झोप लागली नाही. खूप वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एकीची कंपासपेटी हरवली होती. मी थेट शेवटच्या बाकावरच्या एका मुलाकडे बघितलं, त्याचं दप्तर सगळ्यांदेखत रिकामं करायला लावलं. चार दिवसांनी पेटी माझ्याच कपाटात, हजेरीपटांमागे सापडली. मीच उचलून ठेवली होती. पेटी मुलीला देऊन टाकली, पण त्या मुलाला मी काही बोलले नाही. बाईंनी माफी मागायची पद्धत नव्हती तेव्हा. असं मी मनाला सांगितलं, खरं म्हणजे धीर झाला नाही.

असो. हंडा पुन्हा टाकीजवळ नेला नाही. विहिरीचं पाणी प्लॅस्टिकच्या बादलीत निवळून घालते. गप्पी परत टाकीत आहेत. तीन कोळंब्या वाचल्या, त्यातल्या एकीच्या पोटाखाली अंडी होती. परवा शेवाळात भिंग लावून बघितलं, तर सात पिल्लं मोजली. आणखी असतील, दडलेली.

तो मुलगा आता पन्नाशीचा आहे, मुंबईला असतो. दर गणपतीला गावी येतो आणि स्टँडवर दिसलो की वाकून नमस्कार करतो. यंदा आला की त्याला घरी बोलवणार आहे. टाकी दाखवायची आहे, आणि ते कंपासपेटीचंही सांगायचं आहे.